शंभर मिनी कशाला, दहा पुरतात

कोणीतरी म्हणतंच ना की शंभर-शंभर मिनी (टेबलावर लढाई खेळायच्या छोट्या बाहुल्या) रंगवायला वेळ कुणाकडे आहे म्हणून हा छंद आपला नाही, अहो पण स्कर्मिश गेम, म्हणजे मोजक्याच मिनींच्या चकमकीचे खेळ, बघा की आधी. मी फ्रॉस्टग्रेव्ह खेळतो, २०१५ ला आलेला, बर्फात गाडलेलं शहर आणि त्यात खजिना शोधणारे जादूगार. एक जादूगार, एक चेला आणि जास्तीत जास्त आठ भाडोत्री शिपाई, संपली फौज. तीन फूट बाय तीन फूट जागा लागते, म्हणजे आमचं जेवणाचं टेबलच (बायको साडेआठला उठवते ते वेगळं).

हाणामारीत दोघांनीही वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपापला लढाईचा आकडा मिळवायचा, ज्याची बेरीज मोठी तो जिंकला, आणि त्या बेरजेतून हरलेल्याचं चिलखत वजा केलं की उरेल तेवढी इजा. सोपंय, पण नशिबाचा खेळ आहे बाबांनो! मागच्या वेळी माझ्या शहाण्या जादूगाराने मंत्र लागावा म्हणून स्वतःचेच चार हेल्थ (जिवाचे पॉइंट) जाळले, चौदाचे दहा राहिले, आणि समोरच्याच्या सगळ्यात स्वस्त गुंडाने टाकले वीस. चिलखत वजा होऊनही बारा इजा. गेला.

टेरेनवर (टेबलावर मांडायच्या इमारती, बुरूज वगैरे) मात्र पैसे घालवू नका, थर्माकोल, पुठ्ठा, फेविकॉल, वरून पांढरा रंग. दिवाळीचा किल्ला केलाय ना लहानपणी, मग येतंच तुम्हाला. फक्त थर्माकोलवर स्प्रे पेंट थेट मारू नका, विरघळतो, माझा एक बुरूज तसाच गेलाय.