मदत हवी आहे: दादाच्या गाठीवर केमोची गोळी का चालली नाही?

नमस्कार. माझ्या मोठ्या भावाला मेंदूचा ग्लायोब्लास्टोमा (ग्रेड ४), म्हणजे मेंदूतली कॅन्सरची गाठ आहे. ऑपरेशन झालं, सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत रोज टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी. पुढे २८ दिवसांतले ५ दिवस गोळी. चौथ्या सायकलनंतरच्या एमआरआयमध्ये गाठ पुन्हा दिसली. रेडिएशनची सूजही तशीच दिसते म्हणून पर्फ्युजन स्कॅन (गाठीतला रक्तपुरवठा दाखवणारा) केला, पण वाढच आहे.

बायोप्सीच्या रिपोर्टात 'एमजीएमटी प्रमोटर अनमिथायलेटेड' असं लिहिलंय. मला समजलं ते असं: गोळी पेशीच्या डीएनएला मिथाइलचा तुकडा चिकटवते, त्याने पेशी मरायला हवी. एमजीएमटी हे प्रथिन तो तुकडा काढून टाकतं. काहींच्या गाठीत त्याचं जनुक बंद असतं, त्यांना गोळी जास्त लागू पडते. दादाचं बंद नाही, 'अनमिथायलेटेड'चा अर्थ तोच.

विचारायचं आहे ते वहिनीसाठी. दुसऱ्या सायकलमध्ये दोनदा गोळी घेतल्याघेतल्या उलटी झाली. परत गोळी द्यायची नाही असं आधीच बजावलेलं, म्हणून तिने दिली नाही. आता ती रात्र रात्र झोपत नाही, "माझ्यामुळे वाढली" एवढंच म्हणते. दोन डोस वाया गेल्याने असं होतं का? कृपया माहीत असेल त्यांनीच सांगा.

---

प्रतिसाद १:
ताई, माझ्या आईला हाच आजार होता. वहिनींना सांगा, नाही. तो रिपोर्ट ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याचा आहे. म्हणजे पहिली गोळी पोटात जाण्याआधीच गाठीत ते जनुक चालू होतं. शिवाय एकाच गाठीत अनेक तऱ्हांच्या पेशी असतात. औषधाने काही मरतात, दाद न देणाऱ्या उरतात आणि त्याच वाढतात. या पेशी आजूबाजूच्या निरोगी मेंदूतही शिरलेल्या असतात, म्हणून सर्जनने दिसेल तेवढं सगळं काढलं तरी मुळं राहतात. पुष्कळ औषधं तर रक्तातून मेंदूत पोचतच नाहीत. टेमोझोलोमाइड पोचते तरी, पण तीही अर्धवटच.

पुढच्या भेटीत पुन्हा ऑपरेशन, लोमस्टिन किंवा बेव्हासिझुमॅब ही दुसरी औषधं, यांतलं दादांना काय झेपेल ते विचारा. बेव्हासिझुमॅबने सूज उतरते, आईला महिनाभर बरं वाटलं होतं; आयुष्य वाढेल अशी आशा मात्र त्यावर ठेवू नका. पॅलिएटिव्हच्या (त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरांनाही आत्ताच भेटा, आम्ही फार उशीर केला.

---

धागाकर्ती:
मनापासून आभार. वहिनीला वाचून दाखवलं. तिने फाइल काढून रिपोर्टवरची तारीख पाहिली, मग पहिल्या गोळीच्या चिठ्ठीवरची. सोमवारी अपॉइंटमेंट आहे, प्रश्न तीच लिहून काढतेय.