मदत हवी आहे: पोर्तुगीजमधलं 'असतं तर... केलं असतं'

रानजाई:

नमस्कार मंडळी. इथे पोर्तुगीज जाणणारं कोणी आहे का? गोव्याकडचे बरेच जण लिहितात, म्हणून आशेने धागा काढते आहे.

आम्ही दोन वर्षांपासून पोर्तुगालमध्ये पोर्तूला राहतो. ए-२ पातळीची सिप्ले परीक्षा मी दिली, पास झाले. आता बी-१ची देप्ले द्यायची आहे आणि गाडी 'कोंदिसियोनाल'पाशी ('केलं असतं'वालं रूप) अडली आहे. पोर्तुगीज शब्द देवनागरीत लिहिते आहे, साधारण इथे कानावर पडतात तसे. उच्चारात उन्नीस-बीस झालं तर चालवून घ्या.

रूपं पाठ आहेत. क्रियापदाचं मूळ रूप घ्यायचं, त्यातलं काही कापायचं नाही, पुढे फक्त शेपूट लावायचं. फालार म्हणजे बोलणे. मी बोलेन (किंवा बोलले असते) = फालारीआ. तू फालारीआश, तो किंवा ती परत फालारीआ, आम्ही फालारीआमुश, ते फालारीआं. पुस्तकात 'तुम्ही'चं आणखी एक रूप आहे, ते बाईंनी 'सोडून द्या' म्हणून सांगितलं. कुमेर (खाणे), पार्तीर (निघणे), सगळ्यांना हेच शेपूट. अपवाद तीनच: दिझेरचं (म्हणणे) दिरीआ, फाझेरचं (करणे) फारीआ, त्राझेरचं (आणणे) त्रारीआ. पोर्तुगीजमध्ये एवढं सरळ दुसरं काही मला अजून भेटलेलं नाही. पागार (पैसे देणे) तर मला फुकटात आलं, आपला पगार त्यातलाच. पगाराला 'ईआ' लावला की 'मी पैसे दिले असते'!

अडतंय ते पुढेच. गृहपाठात मी 'वेळ असता तर मी पार्टीला गेले असते' असं लिहिलं: से तेरीआ तेंपु, इरीआ आ फेश्ता. बाईंनी 'तेरीआ'वर लाल फुली मारली. दुसऱ्या वाक्यातही तेच, तिसऱ्यातही तेच. समजावून विचारलं तर 'से'नंतर (से म्हणजे 'जर') हे चालत नाही म्हणाल्या आणि पुढच्या पानावर गेल्या. वर्गात अठरा जण आहेत, त्यांचंही बरोबर असेल. पण का चालत नाही? अर्थ तर तोच आहे ना?

दुसरी गोष्ट. माझं ॲप 'मला कॉफी हवी होती' यासाठी गुश्तारीआ शिकवतं. खालच्या पाश्तेलारियात (केक-कॉफीच्या दुकानात) एकही माणूस तसं बोलत नाही. सगळे 'केरीआ उं काफे' म्हणतात, आणि वर्गात केरीआ हा अपूर्ण भूतकाळ म्हणून शिकवला होता. मीही परवा केरीआ म्हटलं, तर काउंटरवरचे काका डोळे मिचकावून म्हणाले, 'केरीआ? झा नांव केर?' म्हणजे 'हवी होती? आता नकोय का?' आजूबाजूचे हसले. मी चूक केली की त्यांनी चेष्टा केली?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चकलीचा_काटा:

मराठीतसुद्धा आपण 'जरा काम होतं तुमच्याकडे' म्हणतो, काम अजून असतंच. काकांना हे सांगा.

सांबा_पुणेकर:

काकांचं मनावर घेऊ नका. तो विनोद पोर्तुगालमध्ये इतका जुना आहे की प्रत्येक वेटरला एकदा तरी केल्याशिवाय राहवत नाही. केरीआ बरोबरच आहे.

मी साओ पाउलोला तीन वर्षं होतो. तुमचं ॲप बहुतेक ब्राझीलची भाषा शिकवतंय. तिकडे गुश्तारीआ सर्रास ऐकू येतं. पोर्तुगालमध्ये बोलताना हे रूप मागे पडतं आणि त्याचं काम साधा अपूर्ण भूतकाळ करतो: गुश्तारीआऐवजी गुश्तावा, इरीआऐवजी नुसतं ईआ, कुमेरीआऐवजी कुमीआ. दोन्ही शुद्धच. दुकानात गुश्तावा म्हणा, अर्ज लिहिताना गुश्तारीआ लिहा, कोणी नावं ठेवणार नाही.

गंमत म्हणजे नावही दोन्हीकडे वेगळं आहे. ब्राझीलने 1959 साली व्याकरणाच्या संज्ञा एकसारख्या केल्या तेव्हा याला 'फुतुरु दु प्रेतेरितु' म्हणजे 'भूतकाळातला भविष्यकाळ' असं नाव दिलं. पोर्तुगालमध्ये कोंदिसियोनालच राहिलं. मला ब्राझीलचं नाव जास्त पटतं, कारण अटीचं वाक्य हा याचा एकच उपयोग झाला. 'तो येईन म्हणाला' यातलं 'येईन' पण हेच: दिस के विरीआ. काल म्हणाला, त्या कालच्या पुढचं येणं.

मांडवीकाठ:

रानजाईताई, तुमची फुली मी सोडवतो. ती फुली पोर्तुगीजमुळे पडलेली नाही, मराठीमुळे पडली आहे.

'वेळ असता तर मी गेले असते.' यात 'तर'च्या अलीकडे काय आहे? असता. पलीकडे? असते. आपल्याकडे दोन्ही बाजूंना एकच रूप चालतं. म्हणून तुमच्या हातून पोर्तुगीजमध्येही दोन्हीकडे 'रीआ' पडलं. पोर्तुगीजमध्ये ही कामं दोन वेगळ्या रूपांनी वाटून घेतली आहेत. अट ज्या बाजूला आहे तिथे तिवेस, परिणाम ज्या बाजूला आहे तिथे रीआ. से तिवेस तेंपु, इरीआ आ फेश्ता. वाक्य उलटं फिरवलं तरी तिवेस 'से'ला चिकटून राहतं.

तिवेस कुठून आलं ते बघा, म्हणजे पाठांतर वाचेल. 'त्यांच्याकडे होतं' याचं भूतकाळी रूप तिवेरां. त्यातलं शेवटचं 'रां' काढून 'स' लावा: तिवेस. फिझेरांचं (त्यांनी केलं) फिझेस, पुदेरांचं (ते करू शकले) पुदेस, फालारांचं (ते बोलले) फालास. फोरांचं फोस, आणि हे 'असणे' व 'जाणे' दोघांचं मिळून एकच आहे, तिथे संदर्भावरून ओळखायचं.

आता दुसरा खड्डा, तुम्ही अजून पडला नसाल तर आधीच सांगतो. 'वेळ मिळाला तर येईन.' इथे 'मिळाला' दिसायला भूतकाळ, पण गोष्ट उद्याची. आमच्या क्लासमध्ये मराठी आणि कोंकणी बोलणारे सगळे इथे भूतकाळ ठोकून द्यायचे. पोर्तुगीजमध्ये याला तिसरंच रूप आहे: तिवेर. से तिवेर तेंपु, वोऊ. तेच तिवेरां घ्या, फक्त 'आं' काढा. म्हणजे एकाच तिवेरांमधून दोन्ही निघाली. होण्यासारखी गोष्ट असेल तर तिवेर, नुसती कल्पना असेल तर तिवेस.

रानजाई:

मांडवीकाठदादा, दोन महिने डोकं खाल्लं ते चार ओळीत सुटलं! आता मराठी वाक्यात 'तर'वर बोट ठेवून बघते आहे.

पण मग हे कसं? इथल्या एका कार्यालयातून ईमेल आली होती, त्यात 'गुश्तारीआ द साबेर से पुदेरीआ...' असं लिहिलं होतं. 'से'नंतर सरळ पुदेरीआ! त्यांनाही लाल फुली मारायची का?

आणि 'पैसे असते तर घर घेतलं असतं', हे आत्ताबद्दल की मागच्या वर्षीबद्दल? मी मराठीत म्हणताना कधी विचारच केला नाही, पण पुस्तकात दोन वेगळी वाक्यं दिली आहेत.

मांडवीकाठ:

नका मारू फुली. तो 'से' म्हणजे 'जर' नाही, तो आपला 'का': 'तुम्हाला जमेल का हे जाणून घ्यायचं होतं.' तिथे रीआ चालतं. मराठी करताना 'तर' आला की तिवेस-पुदेसची बाजू, 'का' आला की हा नियम लागू नाही.

घराचा प्रश्न चांगला काढलात. मराठीत ते वाक्य दोन्हीकडे चालतं आणि आपण संदर्भावर निभावून नेतो. पोर्तुगीज निभावू देत नाही. मनात 'आत्ता' घालून बघा. 'आत्ता पैसे असते तर...' बसत असेल तर: से तिवेस दिन्येइरु, कोंप्रारीआ उमा काझा. 'तेव्हा' बसत असेल तर एकेक पायरी मागे जायचं: से तिवेस तीदु दिन्येइरु, तेरीआ कोंप्रादु उमा काझा. बघा, तुमचं लाडकं तेरीआ इथे आलं, पण परिणामाच्या बाजूला. बोलताना तेरीआच्या जागी तीन्या म्हणतात, तीन्या कोंप्रादु. पाश्तेलारियात तेच ऐकाल.

सांबा_पुणेकर:

+१. या तेरीआचा एक वेगळा उपयोग ब्राझीलच्या वर्तमानपत्रांत पदोपदी दिसतो. 'संशयित तेरीआ फुजीदु' म्हणजे संशयित 'म्हणे' पळाला. बातमीदार स्वतःची जबाबदारी घेत नाही. आपल्याकडे 'पळाल्याचे समजते' छापतात तसं. पोर्तुगालचे पेपर याच कामाला तेरा फुजीदु लिहितात.

आणि अंदाज करायचा तर 'सेरीआं देश ओराश', दहा वाजले असतील (तेव्हा). इथे मात्र अपूर्ण भूतकाळ घालता येत नाही. एरां म्हटलं की दहा वाजलेच होते असा पक्का अर्थ होतो.

मांडवीकाठ:

आजोबा पणजीच्या लिसेवमध्ये (पोर्तुगीज माध्यमिक शाळेत) शिकलेले, 1961 च्या आधीचे. त्यांच्या पत्रांत एक प्रकार भेटतो तो ताईंना परीक्षेत वाचायला येऊ शकतो. 'तुमचा आभारी होईन' हे ते 'आग्रादेसेर-ल्य-ईआ' असं लिहायचे. क्रियापद मधोमध फोडून आत 'तुम्हाला' बसवलेलं. लहानपणी मला वाटायचं त्यांची चूक आहे. कारण नंतर कळलं: हे ईआ शेपूट मुळात स्वतंत्र क्रियापद होतं, 'आवेर'चं (असणे) आविआ झिजून राहिलेलं. दोन शब्दांच्या मधे सर्वनाम बसायचं, शब्द जोडले गेले तरी जागा राहिली. वाक्यात 'नांव' (नाही) आला की मात्र ते फोडणं बंद, सर्वनाम आधी येतं: नांव ल्य दिरीआ. पोर्तुगालमध्ये हे औपचारिक लेखनात अजून आहे, ब्राझीलच्या बोलण्यात मेलंच म्हणा.

स्वतः लिहू नका. वाचून ओळखता आलं की पुरे.

चकलीचा_काटा:

क्रियापद फोडून आत माणूस बसवणे. मुंबई लोकलची आठवण झाली.

रानजाई:

परीक्षेआधी खरी परीक्षा आली. नवऱ्याचा पगार लांबला आहे, भाडं थकलं आहे, घरमालकांना मेसेज करायचाय. (ॲपने भाड्याला अलुगेल शिकवलं होतं, ते ब्राझीलचं. इथे घरभाड्याला रेंदा म्हणतात, एवढं मी स्वतः शोधलं.) असं लिहिलंय, तपासून द्याल का?

गुश्तारीआ द साबेर से पुदेरीआ पागार आ रेंदा ना सेश्ता-फेइरा. से उ मेऊ मारीदु तेरीआ रेसेबीदु उ पागार, झा तेरीआ पागु. (म्हणायचंय: भाडं शुक्रवारी दिलं तर चालेल का? नवऱ्याला पगार मिळाला असता तर एव्हाना दिलं असतं.)

मांडवीकाठ:

पहिलं वाक्य उत्तम, तो 'से' म्हणजे 'का'. दुसऱ्यात 'तर'वर बोट ठेवा. मिळाला असता... पुढचं तुम्हीच सांगा.

दुसरं, पगाराला ते लोक पागार म्हणत नाहीत. त्यांच्याकडे पागार हे नुसतं क्रियापद. पगाराला ओर्देनादु लिहा.

रानजाई:

से उ मेऊ मारीदु तिवेस रेसेबीदु उ ओर्देनादु, झा तेरीआ पागु.

?

मांडवीकाठ:

पाठवा.

रानजाई:

पाठवला. अर्धा तास लागला लिहायला. घरमालकांचं उत्तर मिनिटभरात आलं: एक अंगठा. सेश्ता-फेइराला (शुक्रवारी) रेंदा द्यायची ठरली. आता काकांकडे जाऊन केरीआ म्हणते.