गाडीसाठी आणि डोंगरासाठी एकच जीपीएस यंत्र घ्यावे का?

सातमाळा:
मी नाशिकला राहतो. शनिवारी पहाटे गाडी काढून पायथ्याचे गाव गाठायचे आणि तेथून किल्ल्यावर चढायचे, असा आमचा चार-पाच जणांचा परिपाठ आहे. पाचनई किंवा साम्रदपर्यंत फोन रस्ता दाखवतो. पुढे मात्र नेटवर्क जाते आणि पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर धुके उतरले की मळलेली वाट कोणती आणि ढोरवाट कोणती, हे समोर असूनही कळत नाही. गाडीत वळणे सांगेल आणि पाठपिशवीच्या पट्ट्याला अडकवून डोंगरातही वापरता येईल, असे एकच यंत्र घेण्याचा विचार आहे. भाऊ पुढच्या महिन्यात अमेरिकेहून येणार असल्याने गार्मिन कंपनीचे यंत्र त्याच्याकडून मागवता येईल; परंतु ईट्रेक्स, मोंटाना, इनरीच या तिच्या यंत्रांच्या नावांनी गोंधळ उडाला आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दगडवाट:
इनरीच हे नाव आधी यादीतून काढून टाका. ते इरिडियम या कंपनीच्या उपग्रहांमार्फत संदेश पाठवते, आणि दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे यंत्र भारतात जवळ बाळगणे बेकायदा आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर याच कारणावरून परदेशी पाहुण्यांना ताब्यात घेतले गेले होते. मोंटाना ७००आय, जीपीएसमॅप ६६आय अशी ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘आय’ येतो, त्यांच्यातही हीच सोय आत बसवलेली असते. म्हणून भावाला यंत्राचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून पाठवा.

आता मूळ प्रश्न. दोन्ही कामे खरोखर करू शकेल असे गार्मिनच्या यंत्रांत मोंटाना ७०० हेच म्हणता येईल. त्याचा पडदा पाच इंचांचा आहे आणि गाडीसाठी वेगळा मिळणारा स्पीकरयुक्त स्टँड घेतला, तर ते वळणे बोलून सांगते. पण त्याचे वजन चारशे ग्रॅमच्या आसपास आहे, आणि किमतीत चांगला फोन येतो. ईट्रेक्सचा पडदा जेमतेम २.२ इंचांचा असून ते बोलत नाही. घाटात गाडी चालवताना त्याकडे पाहणे मला धोक्याचे वाटते. केवळ गाडीसाठी बनवलेल्या यंत्रांची बॅटरी तारेशिवाय तासाभरात मान टाकते, त्यामुळे ती गडावर नेण्यात अर्थच नाही. माझे मत विचाराल तर रस्त्याचे काम फोनकडेच राहू द्यावे आणि पैसे डोंगरातल्या यंत्रावर खर्च करावेत.

कातळकडा:
दगडवाट यांच्याशी सहमत आहे. मात्र तुमच्या फोनचा पुरता उपयोग करून झाला आहे का, हेही पाहावे. नेटवर्क गेले की जीपीएसही जाते, हा गैरसमज आहे. फोन उपग्रहांचे संकेत थेट घेतो. डेटाअभावी जो उतरत नाही तो नकाशा. (पहिल्यांदा ठिकाण सापडायला मात्र डेटाशिवाय काही मिनिटे लागू शकतात, तेवढा धीर धरावा.) गूगलचा उतरवून ठेवलेला नकाशा ऑफलाइन असताना गाडीचाच मार्ग सांगतो, पायी जाण्याचा सांगत नाही. म्हणून ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप घ्यावे, घरूनच नकाशा उतरवावा, ओळखीच्या कोणी नोंदवलेली वाटेची जीपीएक्स फाइल त्यात टाकावी आणि पायथ्याला फोन फ्लाइट मोडवर ठेवावा. नेटवर्क शोधण्यात जाणारी बॅटरी त्यामुळे वाचते.

फोन हार मानतो तो पावसात. पडद्यावर पाणी असले की तो बोटाला दाद देत नाही, आणि धुक्यात वाट शोधायची वेळ नेमकी तेव्हाच येते. तेथे बटणांवर चालणारे, पेन्सिल सेलवर सुमारे पंचवीस तास टिकणारे ईट्रेक्सच कामाला येते. त्याच्या प्रकारांपैकीही २२एक्सऐवजी ३२एक्स घ्यावे, कारण २२एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही आणि तुम्ही चालत असाल तरच ते दिशा दाखवते. धुक्यात माणूस थांबूनच विचार करतो.

सातमाळा:
दोघांचेही आभार. गाडीत फोन आणि डोंगरात ३२एक्स, असे ठरवतो आहे. अमेरिकेत घेतलेल्या यंत्रात आपल्याकडचा नकाशा असेल का, आणि त्यातील उंचीवर कितपत विसंबावे?

दगडवाट:
त्यात उत्तर अमेरिकेचा नकाशा असेल. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून गार्मिनसाठी तयार केलेला भारताचा नकाशा विनामूल्य मिळतो. तो मायक्रोएसडी कार्डावर टाकून यंत्रात घाला. सह्याद्रीतल्या पायवाटा त्यात भटक्यांनीच भरल्या आहेत, त्यामुळे गजबजलेल्या गडांवर तो चांगला आहे, आडवाटांवर विरळ.

३२एक्स उंची हवेच्या दाबावरून मोजते. दाब एका हेक्टापास्कलने (हे दाबाचे एकक) बदलला तरी उंचीत सुमारे नऊ मीटरांचा फरक पडतो, म्हणून पावसाळी हवेत पायथ्याच्या गावाची माहीत असलेली उंची निघतानाच भरून घ्यावी. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटर टाकून पुन्हा जुळवता येते.

सांदणसारख्या अरुंद घळीत कातळावर आपटून संकेत उलटसुलट येतात आणि पडद्यावरचा बाण इकडेतिकडे उड्या मारतो. तेथे यंत्राचे न ऐकता घळ धरूनच चालावे. आणि चार्ज होणारे सेल वापरणार असाल, तर यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलून ठेवा, नाहीतर बॅटरीची पातळी चुकीची दिसत राहील.