नव्या फ्लॅटमध्ये मांजरे रुळत नाहीत, काय करावे?

दांडियाबाजारकर:
गेल्या आठवड्यात आम्ही बडोद्यातील दांडिया बाजारातल्या जुन्या घरातून भायलीला पाचव्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहायला आलो. सोबत दोन मांजरे आहेत: नऊ वर्षांची, अंगाने भरलेली मनी आणि नसबंदी झालेला तरुण बोका बंड्या. मनी दिवसभर पलंगाखालून बाहेर येत नाही आणि सगळे झोपल्यावरच थोडेसे खाते. बंड्या मात्र रात्रभर मुख्य दाराशी बसून ओरडतो, त्यामुळे शेजाऱ्यांशी नीट ओळख होण्याआधीच त्यांची क्षमा मागण्याची वेळ आली आहे. मांजर घराला धरून असते, तेव्हा दोघांना जुन्या घरीच सोडून द्या, असे काही नातेवाईक सुचवतात. ते मला मुळीच मान्य नाही. परंतु त्या घरी सासूबाई अजून राहतात, म्हणून रविवारी थोडा वेळ तिथे नेऊन आणले तर चालेल का? शिवाय उत्तरायण, म्हणजे इथला संक्रांतीचा पतंगांचा सण, जवळ आले आहे, त्याचीही धास्ती वाटते.

गोत्रीची माऊ:
ताई, मनीला पलंगाखालून ओढून काढू नका. लपणे हाच तिचा धीर धरण्याचा मार्ग आहे. तिच्यासाठी एकच शांत खोली ठेवा, तिथे खाणे-पाणी एका कोपऱ्यात आणि शी-शूसाठीचा मातीचा ट्रे त्यापासून दूर दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा, आणि जुन्या घरातील तिची चादर न धुता तशीच अंथरा. मांजर गाल घासून वस्तूंवर आपला वास सोडते आणि त्या वासावरूनच जागा आपली की परकी हे ठरवते. म्हणून मऊ कापड तिच्या गालांवर हलकेच फिरवून तेच पलंगाचे पाय आणि दाराची चौकट यांवर मांजराच्या उंचीला पुसावे. नवे घर म्हटले की आपण रोज फिनेलने फरशी पुसतो आणि तो वास पुसून टाकतो. त्यातही काळ्या फिनेलमधील घटक मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि पायांना लागलेले सगळे तर ते चाटते. साधे पाणी पुरे.
मात्र मनी रोज काहीतरी खाते आहे ना, याकडे लक्ष असू द्या. जाड मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून गंभीर आजार होतो, त्यामुळे पूर्ण एक दिवस तिने अन्नाला तोंड लावले नाही तर पशुवैद्यांना फोन करावा.

बोक्याचा बाबा:
मनीविषयी वरील सल्ला योग्य आहे, पण तोच बंड्याला लागू करू नये. धीट बोक्याला एका खोलीत कोंडले तर ओरडणे वाढते, असा माझा अनुभव आहे. त्याला बाकीचे घर मोकळे द्यावे, रात्री जेवणापूर्वी दमेपर्यंत खेळवावे आणि लगेच पोटभर खायला घालावे. ओरडला म्हणून दार एकदाही उघडू नका, कारण ओरडल्यावर दार उघडते हे तो पक्के लक्षात ठेवील. दोन मांजरांना तीन ट्रे असावेत. तो वारंवार ट्रेमध्ये बसत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा; बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, ताणामुळे तो तुंबू शकतो आणि त्यात जीव जाऊ शकतो.

गच्चीवरून:
उत्तरायणाच्या आवाजापेक्षा मला दोऱ्याची काळजी अधिक वाटते. १४ आणि १५ जानेवारीला, आणि त्यानंतरही कित्येक दिवस, कापलेल्या पतंगांचा मांजा बाल्कनीत, कुंड्यांवर येऊन पडतो. मांजराच्या जिभेवरील काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहज थुंकता येत नाही. तो गिळला जातो आणि आतड्यांना चुण्या पाडून कापत जातो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नका, तसेच डॉक्टरांकडे न्या. पाचव्या मजल्यावर बाल्कनीला जाळी हवीच, पण ती मांजा अडवत नाही, म्हणून त्या दिवसांत बाल्कनीचे दार बंद ठेवून रोज सकाळी दोरे वेचावेत. संध्याकाळी फटाके सुरू होण्याआधी पडदे ओढून घ्यावेत.

दांडियाबाजारकर:
सर्वांचे आभार. मनीची खोली आजच वेगळी केली. रविवारचे तेवढे सांगावे.

गोत्रीची माऊ:
नेऊ नका. इथला वास अजून त्यांचा झालेला नसताना तिथे नेले तर परतल्यावर सगळे पहिल्यापासून सुरू होईल, आणि ओळखीच्या जागी बंड्या हातून निसटला तर तो गल्लीबोळांत कुठे शोधणार? त्यापेक्षा सासूबाईंनाच रविवारी भायलीला बोलवा. येताना त्यांनी मनी जिच्यावर झोपत असे ती गोधडी आणावी, आणि आल्यावर मनीला हाका न मारता तिच्या खोलीत नुसते बसून राहावे.