सेन्सर लावलेला बॉम्ब सामान्य माणसाला खरंच वाचवतो का?

पाषाणची_आई:
मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इन्फ्रारेड सेन्सरवर प्रोजेक्ट करतेय, पुढे शस्त्रास्त्र संशोधनात जायचं म्हणते. आम्ही पाषाणलाच राहतो, एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेवरून रोजचं जाणं-येणं. ती म्हणते, "आई, सेन्सरमुळे रणगाडाच फुटतो, आजूबाजूची माणसं वाचतात." मला तिला अडवायचं नाही, पण मनाला हे पटत नाही. जाणकारांनी सांगावं.

कोथरूडकर_७१:
बरंचसं खरं आहे. अमेरिकेचा सीबीयू-१०५ घ्या. एका बॉम्बमधून १० नळकांडी पॅराशूटने उतरतात, प्रत्येकातून ४ स्फोटक चकत्या गरगरत सुटतात. चकती इन्फ्रारेड आणि लेझरने जमीन चाचपते. गरम इंजिन, गाडीचा उंचवटा सापडला की वरून मारा करते, नाहीतर हवेतच स्वतःला संपवते. आपल्या हवाई दलानेही हा घेतलाय.

खडकीचा_सुभेदार:
ताई, मी सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला. २००१-०२ च्या ऑपरेशन पराक्रमनंतर राजस्थान सीमेवर सुरुंग काढायला होतो. पोटावर पडून, प्रॉडर, म्हणजे टोचायची सळई, तिरका धरून बोटाबोटाने वाळू चाचपायची. सरळ खुपसला तर सुरुंगाच्या डोक्यावरच बसतो. नकाशावर ओळ एकीकडे, वाळू सरकल्यामुळे सुरुंग भलतीकडे. आमच्या एकाचा पाय त्यात गेला. तेव्हापासून कुठलंही शस्त्र दाखवलं की मी आधी विचारतो, हे फुटलं नाही तर काय?

२०१५ मध्ये येमेनमध्ये हेच सीबीयू-१०५ पडले. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने दाखवलेल्या फोटोंत नळकांडं जमिनीवर पडलंय आणि चकत्या त्याला तशाच चिकटलेल्या. सुटल्याच नाहीत, मग हवेत संपणार कुठून? शेतात असं काही दिसलं तर पोर उचलणारच.

आणि सेन्सरला ऊब कळते, आत कोण बसलंय ते कळत नाही. रणगाडा तापतो तसा ट्रॅक्टरही तापतो.

क्लस्टर बॉम्बवर, म्हणजे पोटातून अनेक छोटे बॉम्ब सोडणाऱ्या बॉम्बवर, बंदी घालणारा २००८ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यातून सूट हवी तर आतले बॉम्ब १० पेक्षा कमी, प्रत्येक ४ किलोहून जड, एकेकच लक्ष्य शोधणारा, शिवाय इलेक्ट्रॉनिक स्वयंनाश आणि आपोआप निकामी होण्याची सोय, हे सगळं लागतं. जर्मनीच्या स्मार्ट १५५ तोफगोळ्यात दोनच असतात, तो या अटींत बसतो. सीबीयू-१०५ बसत नाही. भारताची त्या करारावर सही नाही, पण त्या अटी मला मनापासून पटतात.

मुलीला जाऊ द्या. फक्त म्हणावं, सेन्सरइतकाच फ्यूजही, म्हणजे बॉम्ब फोडणारी यंत्रणाही, शिक.

पाषाणची_आई:
दादा, तिला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, बॅटरी उतरली की न फुटलेला बॉम्ब निकामीच होतो ना?

खडकीचा_सुभेदार:
आपसूक फुटायचा धोका कमी होतो. पण आतलं स्फोटक जागच्या जागी असतं. कुणी धातूसाठी हातोडी मारली, आगीत टाकलं, तर माणूस जातो.

तिला एक विचारा. प्रोजेक्टची चाचणी लॅबच्या टेबलावरच घेतेस का? मे महिन्यात संध्याकाळी ऊन उतरताना डांबर आणि गाडी यांची ऊब जवळजवळ एक होऊ शकते, मग सेन्सरला फरक उमगत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारी, संध्याकाळी, पहाटे असं तीनदा मोजून बघू दे. आकडे इथे टाका, मी वाचीन.