सीडी प्लेयर दुरुस्त करावा की म्युझिक सर्व्हर उभारावा?

परभणीकर श्रोता

राम राम मंडळी. घरात चारशेच्या आसपास सीडी आहेत. निम्म्या शास्त्रीय गायनाच्या, बाकी अभंग, नाट्यसंगीत, गझल, कव्वाली. त्यात चाळीसेक घरी राइट केलेल्या सीडी-आर आणि काही एमपीथ्री सीडी. प्लेयर पंचवीस वर्षांचा. छापील सीडी चालते, राइट केलेली टाकली की 'नो डिस्क' दाखवतो. छापील सीडीसुद्धा शेवटच्या एक-दोन ट्रॅकला अडकते. इथं हे काम करणारा कुणी सापडेना. नांदेडला किंवा संभाजीनगरला न्यावा लागेल. मुलगा म्हणतो, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणून सगळ्या सीडी त्यात भरू, म्हणजे तोच म्युझिक सर्व्हर.

ॲम्प्लिफायर जुना स्टिरिओ आहे, ऑक्स इनपुट रिकामं आहे. उन्हाळ्यात लाईट दिवसातून तीन-चारदा जाते, इन्व्हर्टर आहे. आवाजात फरक पडेल का, आणि आधी खर्च कशावर करावा?

खर्जातला षड्ज

दादा, तुम्ही सांगितलेली लक्षणं दोन वेगळ्या रोगांची आहेत.

सीडी-आर न ओळखणं म्हणजे उजेड कमी पडतोय. छापील सीडी लेसरचा ७० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत पाठवते. सीडी-आरमध्ये रंगद्रव्याचा थर आड येतो म्हणून तिचं परावर्तन त्याहून कमी, आणि पुन्हा पुन्हा राइट होणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूचं तर १५ ते २५ टक्केच. लेन्सवर धूळ बसली किंवा लेसर थकला की प्लेयर आधी आरडब्ल्यू नाकारतो, मग सीडी-आर, शेवटी छापील.

शेवटचे ट्रॅक अडकणं हा यांत्रिक बिघाड. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटचा ट्रॅक कडेला असतो. पिकअप, म्हणजे लेसर आणि लेन्सचा भाग, ज्या दांडीवरून सरकतो तिच्यावरचं ग्रीस सुकलं आणि त्यात आपल्याकडची काळ्या मातीची धूळ मिसळली की त्याचा लेप होतो. मग पिकअप कडेपर्यंत धड सरकत नाही.

दोन्ही घरी करण्यासारखं आहे. प्लग काढा, झाकण उघडा. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी जेमतेम ओली करून लेन्स मधून कडेकडे एकदाच फिरवून पुसा. दाब देऊ नका, लेन्स नाजूक तारांवर तरंगत असते. दांडीवरचं जुनं ग्रीस त्याच अल्कोहोलने पूर्ण काढा आणि प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस काडेपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढंच लावा. शिलाई मशीनचं तेल नको, ते आठ दिवसांत धूळ ओढतं. ब्रश लावलेली 'लेन्स क्लीनर' सीडी अजिबात वापरू नका.

पिकअपवर प्रीसेट नावाचा एक बारीक स्क्रू असतो. काही कारागीर तो पिळून लेसरचा प्रवाह वाढवतात. प्लेयर त्या दिवशी चालतो, पण लेसर लवकर मरतो.

पुसूनही सीडी-आर चालली नाही तर पिकअप बदलायचा. त्याच्यावरचा नंबर वाचून तोच मागवा. केएसएस-२१३ घराण्यातले अजून मिळतात. त्यांच्या छोट्या बोर्डावर स्थिर विजेपासून बचावासाठी मुद्दाम एक सोल्डरचा ठिपका दिलेला असतो. रिबन केबल जोडून झाली की तो सोल्डरिंग आयर्नने उचलावा लागतो. तो तसाच राहिला म्हणून कितीतरी नवे पिकअप 'मेलेलेच आले' म्हणून परत जातात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हात लावण्याआधी अर्थ केलेल्या धातूला स्पर्श करा.

वायरमन लातूर

वरचं सगळं बरोबर. सर्व्हर करणार असाल तर वीज आधी बघा, सॉफ्टवेअर नंतर.

रास्पबेरी पायच्या चौथ्या मॉडेलला, म्हणजे पाय ४ ला, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा त्याचाच अडॅप्टर लागतो. मोबाईलच्या चार्जरवर तो चालू होतो खरा, पण डिस्क लावली की व्होल्टेज खाली येतं आणि डिस्क मधेच गायब होते. चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, तेव्हा फिरती हार्डडिस्क नको, एसएसडी लावा. चारशे सीडी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न गमावता आकार कमी करणाऱ्या फाइलींत, १२० ते १६० जीबी होतात. ५०० जीबी पुष्कळ झाली.

लाईट गेली की पहिला मार बसतो एसडी कार्डाला, कारण नेमकं लिहिणं चालू असताना वीज तुटते. यावर दोन उपाय. गाणी कार्डावर ठेवायचीच नाहीत, आणि एसएसडी लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीत फॉरमॅट करायची, एक्सफॅटमध्ये नाही. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे लिहिण्याआधीची नोंदवही, नसतं, एका झटक्यात फोल्डर हरवू शकतात. एक्स्ट४ विंडोजला थेट वाचता येत नाही, त्यामुळे गाणी नेटवर्कवरून टाकायची. इन्व्हर्टरला 'यूपीएस मोड' असेल तर तो लावा, त्यात बदल लवकर होतो. आणि राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. नाहीतर सर्व्हर चालू राहतो, पण मोबाईलला सापडत नाही, आणि माणूस पायला शिव्या देत बसतो. इंटरनेट नसलं तरी चालतं, घरातलं वायफाय पुरे.

पंख्याचा डबा घेऊ नका, पंखा धूळ आत ओढतो. पूर्ण धातूचा, पंख्याशिवायचा डबा घ्या. ८० अंशांपाशी पाय स्वतःला हळू करतो, पण नुसती गाणी वाजवताना मे महिन्यातही तिथवर सहसा जात नाही. पहिल्यांदा सगळी लायब्ररी स्कॅन होताना मात्र तापतो.

जोडल्यावर ॲम्प्लिफायर घुमायला लागला तर आधी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सची डिश केबल काढून बघा. टीव्ही त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेला असेल तर पुष्कळदा तिथंच सापडतं. नाही गेला तर अर्थिंगचा खड्डा बघा. उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत पडतो, बादलीभर पाणी घाला. तीन पिनी प्लगची अर्थ पिन कापायचा उद्योग मात्र कुणी करू नये.

कोमल ऋषभ

आवाजाबद्दल कुणी बोललंच नाही. सीडीत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ एवढंच आहे. फ्लॅक त्यातलं काही टाकत नाही. नीट रिप केलेली, म्हणजे सीडीवरून संगणकात उतरवलेली, फाइल आणि सीडी आकड्याला आकडा सारखी. फरक पडतो तो आकड्यांचा आवाज करणाऱ्या डॅकमध्ये. पाय ४ चं ३.५ मिमीचं भोक विसरा, यूएसबी डॅक लावा.

तुलना करताना एक खोट टाळा. सीडी प्लेयर साधारण २ व्होल्ट बाहेर देतो. मोबाईलसाठीचा छोटा डोंगल-डॅक १ व्होल्टच्या आसपास देतो, म्हणजे ६ डेसिबल कमी. तेवढ्यावर लोक 'सीडीत भरीवपणा आहे' म्हणून निकाल देतात. आधी दोन्हींची पातळी जुळवा, मग तंबोरा ऐका.

सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरचा व्हॉल्यूम कंट्रोल बंद ठेवून ॲम्प्लिफायरवरच कमी-जास्त करा. पहिल्यांदा लावताना नॉब शून्यावर असू द्या, कारण डॅक पूर्ण जोरात सुटतो. आणि एवढं सगळं उभारून ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणार असाल तर राहू द्या, तिथं आवाज पुन्हा दाबला जातो.

परभणीकर श्रोता

लेन्स रविवारी पुसतो. सीडी भरायचं काम मुलाच्या लॅपटॉपवर करू म्हणतोय. विंडोजमधल्या प्लेयरने रिप केलं तर चालेल का? आणि बंदिशीचे ट्रॅक तुकड्यांत येतात, मधे खंड पडतो असं ऐकलं, ते खरं का?

गुलमंडीचा कॅसेटवाला

काका, घाईने रिप केलं तर ओरखड्याच्या जागी टिकटिक कायमची फाइलमध्ये बसते, आणि ती दोन वर्षांनी कळते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम वापरा, मोड 'सिक्युअर'. ॲक्युरेटरिप तुमच्या वाचनाची इतरांच्या वाचनाशी पडताळणी करतं. पण मराठी अभंग-भावगीतांच्या बऱ्याच सीडी तिथं नसतात. तिथं 'टेस्ट अँड कॉपी' करा: प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचे सीआरसी, म्हणजे पडताळणीचे आकडे, जुळले तर समाधान. 'ड्राइव्ह कॅश करते' ही खूण करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्यांदा सीडीऐवजी ड्राइव्हच्या स्मृतीतूनच वाचन होतं आणि चूक बिनबोभाट जुळते. लॉग फाइल गाण्यांशेजारीच ठेवा. सीडीमागे दहा-पंधरा मिनिटं धरा. रोज पाच केल्या तर ऐंशी दिवस लागतील, म्हणून सुट्टीत सगळं उरकू म्हणू नका.

घाण सीडी नळाखाली भांड्याच्या साबणाच्या एका थेंबाने धुवा आणि मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. खालच्या बाजूचा ओरखडा पॉलिशने बऱ्याचदा निभतो. छापील बाजूचा ओरखडा वाईट, कारण चकाकता थर तिथंच लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. उजेडासमोर धरा. भोकं दिसली तर तेवढा भाग गेला.

१९८० च्या दशकातल्या काही सीडींत प्री-एम्फसिस असतं, म्हणजे आवाजातला तीक्ष्ण भाग (ट्रेबल) मुद्दाम चढवलेला. प्लेयर ते आपोआप खाली आणतो, रिप केलेली फाइल आणत नाही. एखादी जुनी सीडी सर्व्हरवर कर्कश आणि प्लेयरवर बरोबर वाटली तर हेच. सॉक्स या प्रोग्राममधला डीएम्फ हा फिल्टर लावा.

खंडाचं म्हणाल तर तो फाइलमुळे पडत नाही, वाजवणाऱ्यामुळे पडतो. मूडऑडिओ, लिरियन ही पायवरची सर्व्हर सॉफ्टवेअरं फ्लॅक सलग वाजवतात. मोबाईलमधून डीएलएनएने, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे, पाठवलं की काही यंत्रं पुढची फाइल आधी मागवत नाहीत. मग विलंबित संपून द्रुत सुरू होताना तबला सम चुकल्यासारखा वाटतो.

खर्जातला षड्ज

नावांचा नियम पहिल्या सीडीआधी ठरवा. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतलं नाव हे सर्व्हरला तीन वेगळे गवई वाटतात. पदवी टाकूच नका, लिपी एकच ठेवा. राग शीर्षकाच्या सुरुवातीला: 'यमन – विलंबित एकताल'. शोधताना यमन लिहिलं की सगळे एका जागी. साथीदारांची नावं 'परफॉर्मर' या रकान्यात. एमपीथ्रीटॅग या प्रोग्राममध्ये हे एका झटक्यात शंभर फाइलींना करता येतं.

एमपीथ्री सीडींच्या फाइली नुसत्या कॉपी करा. त्यांचं फ्लॅक केलं तर आकार फुगतो, गेलेलं परत येत नाही. त्यातली मराठी नावं जुन्या फाँटमध्ये असली तर प्रश्नचिन्हं दिसतील, ती हाताने लिहावी लागतात.

आणि क्रम उलटा ठेवा. आधी त्या चाळीस सीडी-आर. त्यांचं रंगद्रव्य उन्हाने आणि उकाड्याने मरतं, पत्र्याखालच्या कपाटातल्या आधी जातात. छापील सीडी पाच वर्षांनी वाचली तरी चालेल. प्लेयर जी ओळखत नाही ती संगणकाच्या ड्राइव्हमध्ये पुष्कळदा वाचली जाते, कमी वेगात लावून बघा. एका ड्राइव्हने नाही म्हटलं तर दुसरी, शक्यतो डेस्कटॉपची मोठी. रिप झाल्या की दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि ती डिस्क वायर काढून भावाच्या घरी ठेवा.