मदत हवी आहे: लेकीला दमा आहे, बिश्केकचा हिवाळा झेपेल का?

लातूरची_आई

नमस्कार. मी लातूरला राहते, औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. लेक यंदा दुसऱ्यांदा नीटला बसली. पात्र झाली, पण सरकारी कॉलेज मिळेल एवढे मार्क नाहीत, आणि खाजगीची फी माझ्या पगारात अन् सहा एकर सोयाबीनमध्ये बसत नाही. म्हणून किर्गिझस्तानात, बिश्केकला एमबीबीएसला पाठवायचं चाललंय. फी, भाषा, परत आल्यावरची परीक्षा हे सगळं विचारून झालंय. मे २०२४ मध्ये तिथं परदेशी मुलांच्या होस्टेलवर हल्ले झाले तेही वाचलंय. माझा प्रश्न एकच आहे, तिच्या छातीचा.

ती सहा वर्षांची असल्यापासून तिला दमा आहे. एरवी बरी असते. दिवाळी सरली, उसाच्या फडात पाचट जळायला लागलं की सुरू होतं. मागच्या जानेवारीत आम्ही गावाकडं होतो. थंडी म्हणून सासूबाईंनी दार-खिडक्या लावून घेतल्या होत्या, पडवीत पाण्याचा बंब तुराट्यांवर पेटलेला, त्याचा धूर घरभर. पहाटे चारला उठून बघते तर ही बाजेच्या कडेला बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा. बोलायला गेली तर दोन शब्दांवर थांबायची. पंप दोनदा मारला, मग मोटारसायकलवर औशाला नेलं. ते वीस-पंचवीस किलोमीटर मी विसरणार नाही.

ॲडमिशनचं काम बघणारा माणूस म्हणतो, "मॅडम, तिकडं डोंगरातली हवा, एकदम शुद्ध, दमा उलट बरा होईल." मुलीनं मोबाईलवर बिश्केकच्या हिवाळ्यातल्या हवेचे आकडे काढून दाखवले. ते बघून माझ्या पोटात गोळाच आला. जगातल्या सगळ्यांत वाईट हवेच्या शहरांच्या यादीत ते नाव वर होतं.

तर तिथं राहिलेल्या कुणी, किंवा डॉक्टर कुणी असेल तर सांगा: खरं काय आहे? थंडी जास्त वाईट की धूर? आणि दमा असलेल्या लेकराला तिथं पाठवावं का? घरात तिचे वडील "जाऊ दे" म्हणतात, मी रात्र रात्र जागी असते.

उदगीरचा_पोरगा

काकू, मी उदगीरचा. बिश्केकलाच आहे, चौथं वर्ष. तुम्हाला सांगणाऱ्यानं अर्धंच सांगितलं. डोंगर आहेत, शहराच्या दक्षिणेला आला-तूची बर्फाची रांग अगदी डोळ्यासमोर दिसते. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत हवा छान असते. पण नोव्हेंबर लागला की तेच डोंगर दिसेनासे होतात.

शहरात कोळशावर चालणारं मोठं वीज आणि गरम पाण्याचं केंद्र आहे, इथं त्याला तेत्स म्हणतात. त्याचं गरम पाणी पाइपांनी मोठ्या इमारतींत फिरतं. पण शहराच्या कडेला ज्या नव्या वस्त्या वाढल्यात तिथं ते पाणी पोचत नाही. तिथं घराघरात शेगडी, आणि शेगडीत कोळसा. ज्याला कोळसा परवडत नाही तो मिळेल ते जाळतो. संध्याकाळी सात-आठ वाजता बाहेर पडलं की घशाला कोळशाची चव लागते. पडलेला बर्फ दोन दिवसांत वरून करडा होतो. माझा पांढरा मास्क आठवडाभरात नाकापाशी काळा पडतो, ही अतिशयोक्ती नाही.

थंडी म्हणाल तर जानेवारीत रात्री उणे सात-आठ नेहमीचं, लाट आली की उणे दहा-बारा, कधी त्याच्याही खाली. पण काकू, होस्टेलच्या खोलीत हीटरमुळं बावीस-तेवीस अंश असतं. अडचण बाहेर पडताना होते. खोलीतून रस्त्यावर पाऊल टाकलं की एका मिनिटात तीस-पस्तीस अंशांचा फरक. पहिल्या वर्षी मला दमा नसून खोकला दोन महिने गेला नव्हता. शिवाय हीटरनं खोलीतली हवा कोरडी होते, नाकातून रक्त येतं, ओठ फुटतात. आणि मार्श्रुत्का, म्हणजे इथली मिनीबस, तिच्या काचा बंद, आत सगळे खोकणारे.

आमच्या बॅचमध्ये दमा असलेली दोन मुलं आहेत. एक औषध वेळेवर घेतो, त्याला विशेष काही होत नाही. दुसऱ्याला पहिल्याच डिसेंबरात ॲडमिट करावं लागलं.

छातीरोग_नांदेड

ताई, मी नांदेडला छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. मुलीला तपासल्याशिवाय जाऊ दे किंवा नको असं सांगणं बरोबर होणार नाही. पण तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी गुंतल्यात, त्या सोडवतो.

थंडी आणि धूर दोघेही त्रास देतात, पण वेगवेगळ्या वाटेनं. नाक हे आपल्या शरीराचं बंब आहे म्हणा: आत जाणारी हवा ते गरम आणि ओली करतं. धावताना, जिना चढताना आपण तोंडानं श्वास घेतो, तेव्हा उणे दहाची कोरडी हवा थेट श्वासनळीत जाते. आतलं अस्तर सुकतं आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. ही गोष्ट मिनिटांत घडते आणि पंपानं सुटते.

धुराचं काम सावकाश चालतं. त्यातले अगदी बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहून लहान असतात. नाकाचे केस त्यांना अडवत नाहीत. ते खोलवर जातात आणि नळीच्या अस्तराला सूज आणतात. सुजलेल्या नळीला मग थोडी थंडी, थोडी सर्दीसुद्धा पुरते. म्हणजे धूर जमीन तयार करतो आणि थंडी ठिणगी टाकते. तुमच्या लेकीची ती जानेवारीची रात्र तशीच होती: बंबाचा धूर आणि पहाटेची थंडी.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ ची दिवसाची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाचं प्रमाण ६० आहे. बिश्केकच्या हिवाळ्यात वाईट दिवशी हे दोन्ही आकडे कितीतरी मागे पडतात.

कोळसा तर रोजच जळतो, मग एखाद्या दिवशीच हवा इतकी का बिघडते? एरवी जमिनीजवळची गरम हवा वर जाते आणि धूर घेऊन जाते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते, गार जड हवा खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. धूर त्या झाकणाखाली अडकतो. आपल्याकडंही हे दिसतं. डिसेंबरात सकाळी शिवारातून गावाकडं बघा, घरांच्या वर हातभर उंचीवर धुराचा पट्टा आडवा तरंगत असतो. दहा वाजता ऊन लागलं की विरतो. बिश्केकच्या एका बाजूला डोंगराची भिंत, वारा कमी, त्यामुळं तिथं तो दिवसेंदिवस विरत नाही.

लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये असंच पाच दिवस झाकण बसलं होतं. कोळशाचा धूर त्याखाली साठला आणि तेव्हाच्या मोजणीनुसार सुमारे ४,००० माणसं दगावली. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा १२,००० पर्यंत धरला गेला. त्यानंतर १९५६ मध्ये तिथं स्वच्छ हवेचा कायदा आला. गेलेल्यांत म्हातारी माणसं, हृदयाचे आणि छातीचे रुग्ण जास्त होते. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, त्यात असा धूर. म्हणून तुमच्या सासूबाईंचीही काळजी घ्या. बंबापुढं रोज त्या बसतात, हे मी तुमच्या लिहिण्यावरून ओळखतो.

आता मुलीचं. तिचा रोजचा पंप चालू आहे का? की फक्त धाप लागली की निळा पंप? हे मला आधी सांगा.

लातूरची_आई

डॉक्टरसाहेब, खरं सांगते. रोजचा पंप दोन वर्षांपासून बंद आहे. तिची तब्येत बरी होती आणि सगळे म्हणत होते पंपाची सवय लागते, पुढं लग्नाच्या वेळी अडचण होईल. मीच हळूहळू बंद केला. निळा तेवढा ठेवला. हिवाळ्यात आठवड्यातून तीन-चारदा लागतो.

छातीरोग_नांदेड

मग ताई, बिश्केकचा विचार नंतर करू, आधी हे दुरुस्त करू. पंपाची सवय लागत नाही. औषध थेट श्वासनळीत जातं म्हणून त्याची मात्रा गोळीच्या मानानं फार कमी असते. रोजच्या पंपातलं औषध, जसं ब्यूडेसोनाइड, सूज उतरवतं. निळ्यातलं सालब्यूटामॉल फक्त आवळलेले स्नायू मोकळे करतं, सूज तशीच राहते. नुसत्या निळ्यावर राहणं धोक्याचं आहे. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनातही तेच सांगितलंय. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा निळा लागत असेल किंवा रात्री जाग येत असेल तर दमा ताब्यात नाही.

लातूरला चांगले छातीचे डॉक्टर आहेत. फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. पंप घेण्याची तिची पद्धत डॉक्टरांसमोर तपासा. अर्ध्याअधिक रुग्णांचं औषध जिभेवरच राहतं. रोजचं औषध सुरू करून दोन-तीन महिने बघा. सांभाळता आलं तर तिथल्या हिवाळ्याला तोंड देता येईल. इथंच नाही सांभाळलं, तर एक वर्ष थांबलेलं बरं.

तेरचा_वेल्डर

मी धाराशिव जिल्ह्यातला. मंगोलियात भारताच्या मदतीनं तेलशुद्धीकरण कारखाना उभा राहतोय, तिथं दोन वर्षं काम केलं. येता-जाता उलानबातरला राहायचो. जगातली सगळ्यांत थंड राजधानी, तिथंही हीच कथा: कडेच्या तंबूवस्त्यांत कोळसा. २०१९ मध्ये सरकारनं शहरात कच्चा कोळसा बंद करून कोळशाच्याच दाबलेल्या विटा दिल्या, धूर कमी झाला, पण विषारी वायूचे अपघात घडले. माणसं झोपेतच गेली.

म्हणून ताई, एक गोष्ट पक्की करा. पोरीनं कोळशाच्या शेगडीच्या घरात भाड्यानं राहायचं नाही, भाडं कितीही कमी असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, वाटतं थंडीनं झालं असेल. पाइपाच्या गरम पाण्याची इमारतच बघा. आमच्याकडंही बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपतात, तेही तितकंच जिवावरचं.

आणि स्प्रेचा पंप बाहेरच्या खिशात ठेवू नका. गारठला की डबीतून औषध नीट सुटत नाही. आतल्या कपड्यात, अंगाच्या उबेला ठेवायचा. आमच्यातला एक नळदुर्गचा गडी दम्याचाच होता, तो बनियनला खिसा शिवून घ्यायचा.

लातूरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तीन आठवड्यांनी लिहितेय.

तपासणी झाली. पहिल्यांदा फुंकर मारली तेव्हा आकडा कमी आला, औषधाचा वास देऊन परत मारायला लावली तर बराच सुधारला. डॉक्टर म्हणाले दमाच आहे, दुसरं काही नाही, आणि सांभाळण्यासारखा आहे. पंप घेताना ती श्वास आत ओढायच्या आधीच दाबत होती, बारा वर्षं आम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं. आता नळीसारखं स्पेसर लावून घेते. या तीन आठवड्यांत निळा एकदाच लागला.

गावाकडं बंब बाहेर अंगणात नेला, पडवीच्या दुसऱ्या टोकाला. सासूबाई आधी रागावल्या, थंडीत बाहेर कोण बसणार म्हणून. पण परवा त्याच म्हणाल्या, डोळे चुरचुरत नाहीत आता.

जायचं अजून ठरलं नाही. दिवाळीनंतरचे दोन महिने इथं कसे जातात ते बघून ठरवू, असं तिच्या वडिलांशी बोलून झालंय. सीट गेली तर गेली.

उदगीरच्या बाळा, तुला एवढंच विचारते. तुमच्या होस्टेलची खोली रस्त्याकडं आहे की मागं? खिडक्यांच्या फटी बुजवलेल्या असतात का? आणि ब्यूडेसोनाइड तिथल्या अप्टेकात, म्हणजे औषधाच्या दुकानात, मिळतं का, की सहा महिन्यांचं इथूनच बांधून द्यावं लागेल? आणि तुझ्या बॅचमधल्या त्या दुसऱ्या मुलाची तब्येत आता कशी आहे, तेही सांग.